आबांचा तोल

परळ, मुंबई १२
रविवार, ता. १७ जानेवारी १९६०

ती. दादा यास,
कांताचा सविनय जयभीम.

आज सकाळी आबांना इस्पितळात दाखल केलं. शेजारच्या सोनूबाईंचा जावई टॅक्सी घेऊन आला होता. दुपारी वॉर्डात खाट मिळाली. भेटीची वेळ संपल्यावर मला बाहेर काढलं. घरी येऊन स्टोव्ह पेटवला, चहा घेतला आणि हे लिहायला बसले.

तुझी प्रकृती ठीक असेल. इगतपुरीला थंडी फार असते म्हणतात. रेल्वेच्या शेडात उघड्यावर काम असेल तर कानाला काही बांधत जा. माझी शाळा बरी चालली आहे. यंदा दुसरीचा वर्ग दिला आहे. मुलं बाकांवर मावत नाहीत, निम्मी खाली बसतात.

आबांचं काही कळवू नकोस असं तू जाताना सांगितलं होतंस. मी कळवलं नाही. पण आज दाखल करताना कारकुनाने विचारलं, घरात कर्ता पुरुष कोण? मी तुझं नाव सांगितलं. म्हणून तुला माहीत असलेलं बरं.

आबा पीत नाहीत, दादा. हे मी नोव्हेंबरातही म्हटलं होतं, पण हळू म्हटलं होतं.

हे गणपतीच्या सुमारास सुरू झालं. लॉरीपासून गोदामापर्यंत फळी टाकून पोती उतरवतात, ते तू लहानपणी पाहिलं आहेस. आबा मुकादम झाले तरी नव्या हमालांना त्या फळीवरून चालून दाखवायचे. शिवडीला उभा जन्म गेला त्यांचा. त्या दिवशी रिकाम्या हातांनी चालले आणि मध्येच खाली आले. हमाल हसले, तेही हसले. मग जिना उतरताना भिंत धरायला लागले. जीभ जड झाली. एका दिव्याचे दोन दिवे दिसतात म्हणायचे. दसऱ्याच्या आधी नाक्यावर पोलिसांनी धरलं, ते तुला माहीत आहे. दारूबंदीमुळे डुलत चाललेला माणूस दिसला की गाडीत घालतात. चौकीत तोंड हुंगलं, वास नव्हता, सोडून दिलं. धरून नेताना सगळ्या चाळीने पाहिलं. सोडलं ते कुणी पाहिलं नाही.

तू गेल्यानंतरचं तुला माहीत नाही, तेवढं सांगते. सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरायच्या आधी, ते मला हाक मारायचे.

"कांते, ये. हुंग."

मी तोंडाजवळ नाक न्यायची.

"येतो?"

"नाही, आबा."

"नीट हुंग. झोपेत उठून कुठं जाऊन पीत असेन तर मला काय कळणार?"

रोज, दादा. मी शाळेत जायच्या घाईत असले तरी. एकदा मी चिडून म्हटलं, आता पुरे. तर म्हणाले, "तू नाही हुंगलंस तर मी कुणाला इचारू?"

आज इस्पितळात टेबलाशी एक पोरगेलासा डॉक्टर होता. आबा माझा हात धरून पाय फाकवून आले, तसं त्याने वर न बघताच विचारलं, "किती घेतली?" आबांनी तोंड उघडून त्याच्यासमोर धरलं. तो मागे सरकला. मला त्या वेळी कुठे बघावं ते कळेना.

मग मोठे डॉक्टर आले. तेलंग म्हणून आहेत, विलायतेत शिकून आलेले. त्यांनी आबांना स्वतःच्या बोटाने स्वतःचं नाक शिवायला सांगितलं. आबांचं बोट हवेत लोंबकळत आलं आणि गालावर जाऊन टेकलं. पुन्हा केलं, डोळ्यात जाणार होतं, डॉक्टरांनीच धरलं. बुबुळं पाहिली. ती स्थिर राहत नाहीत, सारखी थरथरतात. हे घरात मला कधी दिसलं नव्हतं.

"दारू चढते ती सकाळपर्यंत उतरते," डॉक्टर म्हणाले. "यांचं हे कधी उतरतं?"

मी म्हटलं, "नाही."

"मग दारू कसली?"

एवढंच. इतक्या महिन्यांत इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना बोलायचं होतं, पण शब्दाचे तुकडे व्हायला लागले, तसे गप्प बसले.

डोक्यात काहीतरी वाढत असेल असा त्यांना संशय आहे. तपासण्या होतील. तू ये. आबांनी बोलावलेलं नाही. मी बोलावते आहे.

तुझी
कांता



परळ, मुंबई १२
रविवार, ता. २८ फेब्रुवारी १९६०

ती. दादा यास,
सविनय जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी आहेत. तू लिहिलंस, "डॉक्टर लोक रडणाऱ्या मुलीला बरं वाटेल ते सांगतात, आणि तू त्या माणसाला ओळखत नाहीस." कार्ड उघडं असतं, दादा. पोस्टमनने वाचलं असेल. सोनूबाईंनी तर माझ्याकडून वाचून घेतलं. "काय लिवलान गो जगन्यान?" विचारत होत्या. मी वाचल्यासारखं करून म्हटलं, येणार आहे, रजा मिळत नाही. त्यांना ते पटलं नाही, पण बोलल्या नाहीत.

त्या बोलत नाहीत असं सहसा होत नाही. त्यांचं म्हणणं निराळंच आहे. आपण घरातले देव शिवडीच्या खाडीत सोडले, तेव्हा आईच्या माहेरची देवीही टोपलीत होती. ती आता आबांना ओढते आहे. "बुडत्याचे पाय असेच लडबडतात," म्हणाल्या. आबा तेव्हा घरी आणलेले होते चार दिवस. खाटेवरून म्हणाले, "सोनूबाय, तुजी देवी यवढी जबर हाय तर मग बुडाली कशी?" सगळं तुटक तुटक, पण कळलं. सोनूबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग बाहेर गॅलरीत जाऊन डोळे पुसत होत्या.

आता खरं ते लिहिते. डोक्यात काही सापडलं नाही. डॉक्टरांना ठाम वाटत होतं की गाठ असणार. नाही निघाली. मग छातीचा फोटो काढला, त्यात निघाली. फुप्फुसात, काळजाच्या आड. लहान आहे. कॅन्सर आहे.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, "डॉक्टर, त्यांचा तर तोल जातो. जीभ जाते. छातीत तर दुखतही नाही."

डॉक्टर तेलंग म्हणाले की रोग छातीत आहे, आणि मोडतोड मेंदूत होते आहे. मेंदूच्या मागच्या बाजूला एक लहान भाग असतो, तोल आणि हालचाल सांभाळणारा. तो विझत चालला आहे. पण तिथे रोग पोचलेलाच नाही. विलायतेत त्यांनी असे दोन-तीन रोगी पाहिले होते. कारण कुणालाच नक्की सांगता येत नाही. मग म्हणाले, "पुस्तकात नाही, माझा अंदाज सांगतो. शरीराला आतली गाठ परकी वाटते. तिच्याशी लढायला शरीर आपली माणसं उठवतं. ती माणसं गाठ ओळखतात, आणि मेंदूतल्या त्या भागाचा चेहरा तिच्यासारखाच दिसतो की काय कोण जाणे, त्यावरही तुटून पडतात. गाठ लहान राहिली आहे ती कदाचित त्यामुळेच. पण आपलंच माणूस मारलं जातं."

"त्यांना थांबवता येत नाही?" मी विचारलं.

"आज तरी मला येत नाही."

आबा शेजारीच उशीला टेकून होते. त्यांचं डोकं अगदी स्वच्छ आहे, सगळं ऐकतात, सगळं कळतं. ते काहीतरी म्हणाले. नीट कळलं नाही.

छाती उघडायची तर अंगात ताकद नाही. विजेचे शेक देणार आहेत, त्याने गाठ कदाचित बसेल. गेलेला तोल परत येणार नाही असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले. कप धरता येत नाही. मी चमच्याने पाजते, त्यातलं निम्मं सांडतं. डोळे मिटून पडून राहतात, उघडले की खोली फिरते. मला विचारतात, मोर्चा निघाला का, विधेयकाचं काय झालं. मी पेपर वाचून दाखवते. मुंबईसकट महाराष्ट्र मिळणार हे ऐकून त्यांनी हात वर करायचा प्रयत्न केला. तो भिंतीवर आपटला.

परवा सीतारामकाका आले होते, कमिटीचे अध्यक्ष असूनही एकटेच. संत्री आणली. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. मी त्यांना जिन्यात घेऊन गेले आणि डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. तू जर आला असतास तर तुला सांगितलं असतं तसंच.

ते बराच वेळ कठड्यावर हात घासत राहिले. मग म्हणाले, "पोरी, मी समजलो. कमिटीतले पाच जणही समजतील. पण गोष्ट चारचौघांत झाली ना?"

"मग चारचौघांत सांगा."

"मी सांगून काय होतंय? तुला रिवाज ठाऊक आहे. सभेत ज्यानं शब्द टाकला, त्यानंच उभं राहून तो उचलायचा. दुसऱ्यानं उचलला तर लोक म्हणतात, अध्यक्षाचा दोस्त म्हणून झाकलं. आणि शब्द टाकणारा कोण? पोटचा मुलगा. तो खोटं कशाला बोलेल?"

मला ही नोव्हेंबरातल्या सभेची गोष्ट तुझ्याकडे काढायची नव्हती. पण आता काढावी लागते.

त्या दिवशी तू स्टेजच्या डाव्या अंगाला होतास, मी बायकांत होते. छप्पनच्या डिसेंबरात दादरला दीक्षा घेतल्यापासून आपल्या चाळींत दर सभेला बावीस प्रतिज्ञा आबाच वाचत आले. मी दारू पिणार नाही, ही ओळ आली की ते थांबायचे आणि पुरुषांच्या रांगांवरून नजर फिरवायचे. कितीजणांच्या बाटल्या त्यांनी मोरीत ओतल्या. म्हणूनच त्यांना पोलिसांनी धरल्याची लोकांना जास्त मजा आली. काका म्हणाले, "गुणाजी, मनात काही ठेवू नकोस, पण त्या खांबापासून टेबलापर्यंत एकदा चालून दाखव." आबा निघाले. मला वाटलं, पोचतील. सतरंजीच्या कडेला पाय अडकला आणि ते रामजी मास्तरांच्या अंगावर गेले. मागे कुणीतरी शिट्टी वाजवली.

तेव्हा तू उठलास. "मी मुलगा आहे, मी सांगतो. हा माणूस पितो. याला प्रतिज्ञा वाचायचा हक्क नाही." मी तुला ओळखते, तुला ते सोपं गेलं नाही. घरातलं म्हणून झाकायचं नाही हे तुला आबांनीच शिकवलं होतं.

आबा त्यावर काही बोलले नाहीत. तुला वाटलं, अपराधी माणूस गप्प बसला. बोलले असते तर जीभ अडखळली असती, आणि तू म्हणालास तेच खरं ठरलं असतं. खाली पडलेल्या माणसाला अजून काय करता आलं असतं ते तू सांग.

जयंतीला, चौदा एप्रिलला, सगळ्या चाळी एकत्र येतील. काका म्हणाले, जगन आला तर भाषणांच्या आधी त्याला उभं करीन. तोवर आबा राहतील असं डॉक्टरांना वाटतं, पण वचन देत नाहीत. त्यांना स्ट्रेचरवर आणता आलं तर आणू. नाही तर तू बोलून इस्पितळात ये. लांब नाही.

तुला डॉक्टरांना भेटायचं असेल तर त्यांना भेट. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस हवं तर. पण ये.

तुझी
कांता



परळ, मुंबई १२
मंगळवार, ता. ३ मे १९६०

दादा,

काल आणि आज शाळेत गेले नाही. सकाळी डॉक्टर तेलंगांना भेटून आले. येताना बाजारातून तांदूळ आणले. सोनूबाईंकडून दोन्ही वेळा जेवण येतं, आजपासून नको म्हणून सांगितलं. त्या रागावल्या आहेत.

तू शनिवारी आलास, खांदा दिलास आणि रात्रीच्या गाडीने गेलास. तुला थांबता आलं नसेल. आपलं नीट बोलणं झालं नाही. गर्दी होती, रस्ते अडवलेले होते, शिवाजी पार्कच्या बाजूला तर माणसांचा पूर. नवं राज्य दुसऱ्या दिवशी व्हायचं होतं, कमानी आदल्या दिवशीच लागल्या होत्या. पोलिसांनी आपल्याला वळसा घालायला लावला. कमानीखालून जाताना कुणीतरी टोपी काढून विचारलं, कोण हो? सीतारामकाका म्हणाले, "समितीचा माणूस." नाव नाही सांगितलं. तुझा खांदा त्यांच्या मागेच होता, तू ऐकलं असशील.

चौदा तारखेला तू आला नाहीस त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. वॉर्डाच्या खिडकीतून मिरवणुकीचा बँड ऐकू येत होता. आबांनी विचारलं, कोण वाचतंय? मी रामजी मास्तरांचं नाव सांगितलं. म्हणाले, "त्याला दम पुरत नाय." पुढे काही नाही.

शनिवारी तुला आबांच्या डोक्याला पट्टी दिसली. तू तिच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि तुझं तोंड कसं झालं ते मी पाहिलं. तुला वाटलं, शेवटीही कुठेतरी पडले. मी तेव्हा सांगितलं नाही. आता सांगते. पट्टी होती कारण डॉक्टरांनी मरणानंतर डोकं उघडलं. छातीही उघडली. परवानगीची सही माझी आहे. तुला विचारायला हवं होतं असं म्हणशील. तारेचं उत्तर येईपर्यंत वेळ गेली असती, आणि आबांनी स्वतः आधीच हो म्हटलं होतं.

डॉक्टरांनी महिन्यापूर्वी आबांसमोरच विषय काढला होता. मला फार राग आला. मी म्हटलं, जिवंत माणसापुढे हे काय विचारता. आबांनीच मला हाताने गप्प केलं. बोलायला फार वेळ लागला त्यांना. म्हणाले, "चौकीत तोंड हुंगलं. सभेत चाल बघितली. आत कुनी बघितलं? बघू दे एकाला तरी."

त्यांनी पाहिलं. आज मला खोलीत बसवून सांगितलं. छातीतली गाठ सुपारीएवढी. मेंदूत गाठ नाही, कुठेच नाही. मागचा लहान भाग आकसलेला दिसला. आणि यकृत स्वच्छ होतं. ते म्हणाले, पिणाऱ्या माणसाचं यकृत मी शेकड्यांनी पाहिलंय, हे तसं नव्हे. बाकी नक्की काय ते मेंदूचे पातळ काप करून पाहिल्यावर कळेल. त्याला वेळ लागतो. तोवर तो औषधात ठेवला आहे.

आबांचं सगळं जळलं नाही, दादा. त्यांचा मेंदू अजून परळलाच आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सोनूबाईंना सांगितलं तर त्यांना झोप लागणार नाही. मलाही लागत नाही. पण मी सही पुन्हा केली असती.

आता जे लिहायचं नव्हतं ते.

स्मशानाच्या फाटकाशी तू मला बाजूला घेतलंस आणि विचारलंस, "माझ्याबद्दल काही बोलले?" मी म्हटलं, नाही. ते खोटं होतं.

फेब्रुवारीच्या पत्रात मी तुला लिहिलं की डॉक्टर समजावत होते तेव्हा आबा काहीतरी म्हणाले आणि मला कळलं नाही. मला अक्षर न् अक्षर कळलं होतं. डॉक्टर म्हणत होते की शरीराची आपली माणसं परक्याशी लढायला उठतात आणि आपल्याच माणसाला मारतात. ते ऐकून आबा हसले. त्यांचं हसणंही तोपर्यंत वाकडं झालं होतं. म्हणाले, "म्हंजे आमचा जगनच की. राखनीला बसला नि घरच्यालाच चोर समजला."

डॉक्टरांनी विचारलं, "जगन कोण?"

"थोरला. लई कडक हाय."

त्यात राग नव्हता, दादा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना अभिमान वाटत होता. वॉर्डातल्या परक्या माणसाला ते तुझी फुशारकी सांगत होते, आणि मी हातात ओला फडका घेऊन उभी होते, त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसायला. मला तेव्हा तुझा जेवढा राग आला तेवढा सभेतही आला नव्हता.

आणि शेवटच्या आठवड्यात, जेव्हा शब्द फारसे राहिले नव्हते, तेव्हा एका दुपारी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी हवं. म्हणाले, "जगनला सांग. मला जर माज्या बापाच्या तोंडाला वास आला असता, तर मी पन उठलो असतो." हे एक वाक्य बोलायला त्यांना किती वेळ लागला असेल ते तुला इथे बसून कळायचं नाही. मग विचारलं, "सांगशील ना?" मी हो म्हटलं.

आणि तू विचारलंस तेव्हा नाही म्हटलं. मला वाटलं, हे ऐकून तू मोकळा होशील आणि गाडीत बसशील. तुला इतक्या स्वस्तात मोकळं करायची माझी तयारी नव्हती. मला वाटलं, नाही ऐकल्यावर तुला टोचेल, तू मागे फिरशील, सगळे तिथेच उभे होते, काका होते, रामजी मास्तर होते, तू बोलशील. तू मान खाली घालून चालायला लागलास. आबांचा निरोप माझ्याकडेच राहिला. तो माझा नाही. म्हणून पोचवला.

पण एक गोष्ट त्या निरोपात नाही, ती माझी आहे. वास आला असता तर, असं आबा म्हणाले. तुला वास आला होता का? तू कधी जवळ जाऊन पाहिलंस? चौकीतल्या शिपायाने पाहिलं. मी पाहिलं. तू त्यांच्या शेजारी पथारी टाकून झोपत होतास, दादा.

पुढल्या आठवड्यात बुद्धजयंती आहे. सीतारामकाका काल आले होते. या खेपेला बसले. म्हणाले, "प्रतिज्ञा तू वाच. आवाज बापासारखा आहे तुझा." मी म्हटलं, वाचेन, पण आधी मला दोन मिनिटं बोलायचं आहे.

त्यांना कळलं. "ते जगननं बोलायचं, पोरी. रिवाज आहे."

"हा कुठला रिवाज, काका? आपला की जुन्या जातपंचायतीचा?"

"जुनाच. पण चालत आलाय."

"देव टोपलीत भरले तेव्हा हा कसा वर राहिला?"

त्यांना वाटलं नव्हतं मी असं बोलेन. मलाही वाटलं नव्हतं. मग उठता उठता म्हणाले, "लोक ओरडतील." मी म्हटलं, ओरडू द्यात. ते नको म्हणाले नाहीत.

तेव्हा मी उभी राहणार आहे. छातीतली गाठ सांगणार, मेंदू सांगणार, यकृत सांगणार. मरणानंतर त्यांना उघडलं तेही सांगणार. तुझं नाव घेणार नाही. पण सगळ्यांना आठवेल की शब्द कुणी टाकला होता, आणि पुरुषांच्या रांगांत तुला शोधतील. तू तिथे असशील आणि माझ्या आधी उभा राहशील तर मी खाली बसेन. नसलास तरी मी बोलेनच. तुझ्यासाठी थांबणं मी आबा असेपर्यंत केलं.

तू यावंस असं मला वाटतं का ते मी सांगू शकत नाही. दोन दिवस विचार करते आहे. तू आलास तर तुझी थाळी वाढेन. एवढं नक्की.

मध्येच उठले होते. आबांची गोधडी सकाळपासून मोरीत भिजत पडली होती. ती धुतली. ओली गोधडी पिळायला दोघं लागतात, एकाने एक टोक धरायचं. सोनूबाईंना हाक मारणार होते, पण दुपारचं दार लावून पडल्या होत्या. मग एक टोक नळाला बांधलं, दुसरं धरून पीळ घातला, पाणी गळेपर्यंत. गॅलरीच्या कठड्यावर वाळत टाकून आले.

गुणाजी कासारे यांची मुलगी
आणि तुझी बहीण,
कांता